बावन्न पौंड

खेडच्या बाजारात सोनाराच्या काट्यावर टेनिसची रॅकेट ठेवणारा मी बहुधा पहिलाच माणूस असेन. सोनार ओळखीचा, त्याचा मुलगा माझ्या वर्गात शिकलेला. ‘सर, हॉलमार्क आहे का?’ असं त्यानं विचारलं आणि दुकानात बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काट्यानं ३१८ ग्रॅम दाखवले. मी वहीत लिहून घेतलं. दुसरी रॅकेट २६५ ग्रॅम, तिसरी ३५२. चौथी आमच्या भाईंची, लाकडी, तारा सैल पडलेली. ती ३८९ भरली. ‘ही बावनकशी दिसते,’ सोनार म्हणाला.

ही २००७ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. उजव्या हाताचं कोपर पाच-सहा महिने दुखत होतं. फळ्यावर आकृती काढताना हात खांद्याच्या वर गेला की कळ यायची. घरी चहाची किटली उचलायची तर डावा हात पुढे करायचो. आमच्या डॉक्टरांनी कोपराच्या बाहेरच्या बाजूला अंगठा दाबला. मी ओरडलो. ‘टेनिस एल्बो,’ ते म्हणाले आणि स्वतःच हसले, कारण त्यांच्याकडे हे दुखणं घेऊन येणाऱ्यांत सुतार असत, पाटा-वरवंटा चालवणाऱ्या बाया असत. खरोखर टेनिस खेळणारा पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

खेडसारख्या गावात, तेही मोहल्ल्यातला मास्तर, टेनिस कुठे खेळतो, असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे खेळ म्हणजे क्रिकेट, नाहीतर कबड्डी, पावसाळ्यात कॅरम. पण भोस्ते घाट ओलांडला की लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या एका कारखान्याच्या कॉलनीत सिमेंटचं एक कोर्ट होतं. माझा एक जुना विद्यार्थी त्या कारखान्यात होता, तो २००२ साली मला घेऊन गेला. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा. चौथा भिडू मिळत नव्हता म्हणून त्यांनी मला उभं केलं. शनिवार-रविवार फजरची नमाज आटोपून मी स्कूटर काढायचो आणि उन्हं चढायच्या आत परतायचो. जून ते सप्टेंबर कोर्टावर शेवाळ धरायचं, तेव्हा सगळं बंद.

मोहल्ल्यात थट्टा झाली. ‘मास्तर साहेब झाले!’ मी त्यांना गौस मोहम्मदची गोष्ट सांगायचो. लखनौकडचा हा माणूस १९३९ साली विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता. तिथवर जाणारा तो पहिला हिंदी खेळाडू. हरला तो बॉबी रिग्जकडून, आणि रिग्जच त्या वर्षीचा विजेता ठरला. ऐकणाऱ्यांवर याचा काही परिणाम होत नसे. परिणाम झाला तो २००५ साली. सानियानं हैदराबादची स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये चौथ्या फेरीपर्यंत गेली आणि आमच्या गल्लीतल्या पोरी प्लास्टिकच्या रॅकेटी घेऊन अंगणात उतरल्या. तिच्या कपड्यांवर वाद घालणारेही होते. ते सगळीकडे होते, आमच्याकडेही होते. पण मॅच त्यांनीही पाहिली.

तर कोपर. डॉक्टर म्हणाले, खेळ बंद करा. कॉलनीतले भिडू म्हणाले, रॅकेट बदला. साहजिकच मी भिडूंचं ऐकलं.

माझी रॅकेट धोबी तलावच्या दुकानातून आणलेली ॲल्युमिनियमची होती. तिला पहिला दोष लागला. पुणेकर इंजिनिअर म्हणाला, ग्रॅफाइट घ्या, हलकी घ्या. बंगाली केमिस्ट म्हणाला, हलकी मुळीच नको, विल्सनच्या प्रो स्टाफसारखी जड घ्या, सॅम्प्रस खुळा होता का? दुबईचा पुतण्या सुट्टीवर येताना एक रॅकेट घेऊन आला. दिसायला विमानाच्या पात्यासारखी जाड, हातात घेतली तर आहे की नाही कळू नये इतकी हलकी. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात दोष तिचा नव्हता. शिवाय केमिस्टनं महिनाभरासाठी त्याची जड रॅकेट दिली, आणि इंजिनिअरनं त्याच्या दोन्ही. त्याच्याकडे एकाच मॉडेलच्या दोन होत्या. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. आमच्या कोर्टावर रॅकेट तुटण्याइतक्या जोरात चेंडू मारणारा कुणी नव्हता, पण इंजिनिअर लोक असाच विचार करतात.

मी विज्ञान शिकवणारा माणूस. नुसतं ‘बरी वाटते’ यावर माझा विश्वास बसेना. शंभर पानी वही घातली. प्रत्येक रॅकेटचं वजन सोनाराकडे. तोल शाळेच्या पट्टीच्या कडेवर. लांबी सगळ्यांची सारखीच, सत्तावीस इंच, पण कुणाचा तोल मुठीकडे, कुणाचा डोक्याकडे. मुठीचा घेर दोऱ्यानं मोजला. माझी ॲल्युमिनियमची मूठ जाड होती. रॅकेट मुठीत धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांत दुसऱ्या हाताचं एक बोट मावेल इतकी फट राहावी म्हणतात; माझ्या मुठीत दोन बोटं गेली असती. मग प्रत्येक रॅकेटनं चार-चार सकाळी, समोर तोच भिडू, पन्नास सर्व्हिसमधल्या किती आत पडल्या, आणि संध्याकाळी किटली उचलताना किती दुखलं, शून्य ते दहा.

निकाल माझ्या अंदाजाच्या उलटा लागला. पुतण्याच्या हलक्या रॅकेटनं सर्व्हिस सगळ्यात वेगात जायची, पण किटलीचा आकडा आठवर गेला. केमिस्टच्या जड रॅकेटनं हात दमायचा, तासाभरात माझ्या सर्व्हिसचा पाय लंगडा व्हायचा. पण कोपर शांत. नंतर विचार केला तेव्हा हे न्यूटनला धरूनच होतं. चेंडूचा धक्का कुणीतरी खायचाच असतो. रॅकेट जड असेल तर ती खाते, हलकी आणि ताठ असेल तर हाताकडे पाठवते. नववीच्या वर्गाला मी हे पंचवीस वर्षं शिकवत होतो, हातोडीचं उदाहरण देऊन.

इथवर ठीक. घोळ झाला तो इंजिनिअरच्या जोडीमुळे. मॉडेल एक, वजन एक, तोल एक, मूठ एक. पण एकीनं किटलीचा आकडा तीन, दुसरीनं सात! मी पुन्हा खेळून पाहिलं, कोणती कोणती आहे हे न बघता, मुठीवर कागद गुंडाळून. तेच. मग घरी पडवीत दोन पाटांच्या मधे एकेकीचं डोकं दाबून बसवलं आणि एक मीटरवरून चेंडू सोडत राहिलो. एकीवर चेंडू चार-पाच सेंटिमीटर जास्त उसळे. मी जमिनीला कान लावल्यासारखा पडून पट्टी वाचत होतो, आणि भाई मशिदीतून परतताना दारात उभे राहिले.

भाई माझे थोरले बंधू, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. ते थोडा वेळ बघत राहिले. मग खाली बसले, एक रॅकेट उचलून कानाजवळ नेली आणि तारेवर नख मारलं. दुसरी उचलली, तिच्यावर मारलं.

‘ही साठाच्या वर आहे. ही पन्नास-बावन्न. आणि तारही वेगळी आहे. ही कडक जातीची, मी कधी बांधलेली नाही. वाकवून बघ.’

आणि उठून हात धुवायला गेले.

आता भाईंबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना मला थोडी शरम वाटणार आहे.

भाई १९७३ साली कुवेतला गेले. आमच्या भागातल्या घरटी एकाची तीच कहाणी. खेड, दापोली, चिपळूणच्या मोहल्ल्यांतली निम्मी कौलं तिकडच्या पैशानं उतरली आणि स्लॅब चढले. पहिली दोन वर्षं त्यांनी गोदामात हमाली केली. मग सालमियाच्या बाजारात एका खेळसाहित्याच्या दुकानात लागले. तिथे तारा बांधणारा कारागीर सियालकोटचा होता. फाळणीपूर्वी सियालकोट हे खेळसाहित्याचं केंद्र होतं. १९४७ नंतर त्या धंद्यातले हिंदू कारखानदार आणि कारागीर जालंधर-मेरठकडे आले, आणि उरलेले तिथेच तो धंदा करत राहिले. त्यांतल्याच एका घराण्याचा हा उस्ताद. त्यानं खेडच्या पोराला हाताशी धरलं. आडव्या-उभ्या तारा, गाठी, सुऱ्याची धार, सुआ कुठे खुपसायचा आणि कुठे नाही, सगळं शिकवलं. उस्ताद आजारी पडून मायदेशी गेला, तेव्हा त्याची खुर्ची भाईंना मिळाली. ऑगस्ट १९९० पर्यंत भाई त्या खुर्चीवर होते.

त्यांच्या पैशावर मी बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, बहिणींचे निकाह झाले. १९७९ च्या सुट्टीत त्यांनी माझ्यासाठी डनलॉपची लाकडी मॅक्सप्लाय आणली. कुणी इंग्रज गिऱ्हाईक टाकून गेला होता. खेडमध्ये तिचं मी काय करणार? मशिदीमागच्या भिंतीवर चेंडू मारत राहिलो. तिला चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत दाबून ठेवावं लागतं हे भाईंनी बजावलं होतं. मी कंटाळा केला. त्या पावसाळ्यात तिची आतड्याची तार आधी सैल झाली, मग तुटली, आणि लाकूड पापडासारखं वळलं. ती तार जनावराच्या आतड्यापासून करतात हे ऐकून आमचे खाटीक मामू म्हणाले होते, ‘इतकी वर्षं आम्ही लाखोंचा माल कुत्र्यांना टाकला!’

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. सव्वा महिना भाईंची काही खबर नव्हती. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात हेच. मग इराकमार्गे जॉर्डन, वाळवंटातली छावणी, आणि अम्मानहून एअर इंडियाचं विमान. त्या दोन महिन्यांत त्या विमानांनी जवळजवळ पाचशे फेऱ्या केल्या. भाई मुंबईला उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक हँडबॅग होती. दुकान लुटलं गेलं होतं, बँकेतले दिनार तेव्हा तरी कागद झाले होते. बॅगेत दोन जोडी कपडे, आणि कापडात गुंडाळलेला सुआ, दोन चिमटे आणि एक छोटी कात्री. अम्मीनं ते बघून विचारलं, ‘हे कशाला आणलंस?’ भाई म्हणाले, ‘माझं होतं ते आणलं.’

पुढे युनोच्या मार्फत नुकसानभरपाई आली, तिच्यात नळपाण्याची सोय झाली. बाकी लोक वर्षभरात पुन्हा आखातात गेले. भाई गेले नाहीत. इथे मसाल्याचं छोटं दुकान टाकलं, ते चाललं-न चाललं. मोहल्ल्यात लोक विचारायचे, कुवेतला काय करत होतास? भाई खरं सांगायचे. त्यावरून नाव पडलं, ‘बॅटी विणणारा.’ बाज विणणाऱ्याची जी किंमत, तीच.

मला ते लागायचं. मी हायस्कूलचा शिक्षक, माझी पत जपणारा. १९९६ मध्ये पुतणीच्या लग्नाचा बायोडेटा मी लिहिला. त्यात वडिलांच्या नावापुढे लिहिलं : ‘कुवेत येथे नामांकित स्पोर्ट्स कंपनीत सुपरवायझर (निवृत्त).’ भाईंनी तो कागद वाचला, घडी केली आणि परत दिला. तेव्हा काही बोलले नाहीत. अकरा वर्षं बोलले नाहीत.

त्या रात्री दोन्ही रॅकेटी घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो. भाईंनी कडक तारेचं टोक वाकवून दाखवलं. वायरसारखं उभं राहायचं. ती पॉलिस्टरची होती. नंतर वाचलं, की १९९७ मध्ये ब्राझीलचा कुएर्तेन तसल्या तारेनं फ्रेंच ओपन जिंकला आणि मग जगभर तिचं वेड पसरलं. जोरात, फिरकी देऊन मारणाऱ्या तरण्या पोरांसाठी ती चांगली. इंजिनिअरनं हौसेनं एका रॅकेटला ती बांधून आणली होती, तीही साठ पौंडांच्या वर ताणून. पुतण्याच्या रॅकेटलाही तीच तार होती. म्हणजे मी चार महिने सांगाडे तपासत होतो आणि कोपर तारेमुळे दुखत होतं. सगळं नाही, पण बरंचसं.

‘मला का नाही सांगितलंत आधी?’ मी विचारलं.

‘तू विचारलंस कुठे? तू सोनाराला विचारलंस.’

मग जरा थांबून म्हणाले, ‘आणि मी सुपरवायझर. सुपरवायझर काय करतो ठाऊक आहे? बसून बघत राहतो.’

मी मान वर केली नाही. त्यांनीही विषय वाढवला नाही. म्हणाले, मऊ तार आण, नायलॉनची, बऱ्याच धाग्यांची. बावन्न पौंड बांधू. एका रॅकेटला बारा मीटर लागते, कमी आणू नकोस.

तार मुंबईहून आली. यंत्र मात्र कुठून आणणार? भाई म्हणाले, करू. सागवानी फळीवर सुतारानं चौकट बसवून दिली. रॅकेटचं डोकं आतून-बाहेरून सहा ठिकाणी धरलं पाहिजे, नाहीतर ताण पडताना ते चेपतं. तार खेचायला सायकलचं जुनं फ्रीव्हील, त्याला वेल्डरनं एक सळई जोडली आणि सळईवर वाण्याचं दोन किलोचं वजन सरकवलं. वजन जितकं टोकाकडे, तितका ताण जास्त. इथे माझं शिक्षण कामाला आलं. बावन्न पौंड म्हणजे साडेतेवीस किलोच्या किंचित वर; फ्रीव्हीलची त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर; सळईचं स्वतःचं वजन धरून हिशेब केला आणि चौतीस सेंटिमीटरवर कानशीनं खूण केली. भाईंनी पहिली तार खेचली, नख मारलं आणि म्हणाले, ‘कमी आहे. दोन बोटं पुढे घे.’ मी हिशेब दाखवला. ते म्हणाले, हिशेब बरोबर असेल, तार खोटं बोलत नाही. फ्रीव्हीलवर गुंडाळलेल्या तारेची जाडी आणि वंगणाचं घर्षण मी धरलंच नव्हतं.

सोळा उभ्या, एकोणीस आडव्या. पहिल्या रॅकेटला दोन तास लागले. हात सतरा वर्षं बंद होता. मी विचारलं, तिकडे एकूण किती बांधल्या असतील? दिवसाला सहा धरून आम्ही गुणाकार केला. सुट्ट्या वजा जाता पंचवीस हजारांवर. प्रत्येकी बारा मीटर म्हणजे तीनशे किलोमीटर तार. खेडहून मुंबईपर्यंत ताणून उरेल.

‘आणि खेळलात किती?’

‘एकदाही नाही. लोक दुपारी चारनंतर खेळायचे. दुकान दुपारी चारला उघडायचं.’

केमिस्टनं नंतर नवी घेतली, तेव्हा त्याची जड रॅकेट मी विकत घेतली. तिच्यावर बावन्न पौंड, मूठ एक नंबर बारीक. दोन महिन्यांत किटलीचा आकडा एकवर आला. अधूनमधून दुखतं अजून. त्याला वय म्हणतात. माझ्या वहीचा सारांश कुणाला हवा असेल तर एवढाच, की चाळिशीनंतर हलक्या रॅकेटचा मोह धरू नये, मूठ हाताला बसते का बघावं, आणि दुकानदारानं दाखवलेल्या सांगाड्याच्या रंगापेक्षा त्यात कोणती तार किती ताणली आहे ते आधी विचारावं. शंभर पानांतली ब्याऐंशी पानं वाया गेली.

भाई एकदाच कोर्टावर आले, डिसेंबर २००८ मध्ये, स्कूटरवर माझ्या मागे बसून, मांडीवर लाकडी मॅक्सप्लाय. खेळायला नव्हे. जाळीकडे बघून म्हणाले, मधे वर आहे. इंजिनिअर म्हणाला, नाही हो, बरोबर आहे. भाईंनी वळलेली मॅक्सप्लाय जाळीशी उभी धरली आणि माझ्या जुन्या रॅकेटचं डोकं तिच्यावर आडवं ठेवायला गेले. मग थांबून म्हणाले, ‘नाही, ही मोठी आहे. लाकडीच दुसरी हवी. सत्तावीस आणि नऊ, छत्तीस इंच.’ पट्टी आणून मोजलं. जाळी दीड इंच वर होती. गेली सहा वर्षं आम्ही सगळे आमच्या बॅकहँडला दोष देत होतो. मग लोकांनी आग्रह केला म्हणून त्यांनी तीन चेंडू मारले. तिन्ही कुंपणाबाहेर. ‘तार चांगली आहे,’ म्हणाले.

कॉलनीत बातमी गेली, मग चिपळूणला. रॅकेटी येऊ लागल्या, टेनिसच्या थोड्या, बॅडमिंटनच्या पुष्कळ. पैसे घ्यायला भाई आधी तयार नव्हते. मीच पाटी लावली. पाटीवर त्यांचं नाव, आणि खाली ‘रॅकेट कारागीर, कुवेत’. ते अक्षर माझं आहे.

२२ जुलै २०२१ ला जगबुडीचं पाणी बाजारात शिरलं, आमच्या पडवीतही कंबरभर आलं. मॅक्सप्लाय फुगून तिचे थर सुटले. फ्रीव्हील गंजलं, ते सायकलवाल्यानं दुसरं दिलं. सुआ आणि चिमटे वरच्या फळीवर होते.

आता भाईंनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी बॅडमिंटनची बारीक छिद्रं त्यांना दिसत नाहीत. तार मी ओवतो, वजन मी सरकवतो. ते बाजूला बसून नख मारतात आणि ‘चल’ किंवा ‘थांब’ म्हणतात. काम इशानंतरच घेतो, कारण उभ्या तारा ताणून झाल्यावर रॅकेट अर्धवट सोडता येत नाही, सांगाडा वाकतो. परवा एका पोराची बावीस पौंडांची होती. आडव्या सात झाल्या आणि दिवे गेले. पोरगा म्हणाला, उद्या येतो चाचा. भाई म्हणाले, कुठे चाललास, मोबाइलची बत्ती धर. तो धरून उभा राहिला, आणि मी आठवी तार ओवायला घेतली.